एक संघ कळला की आइस हॉकी कळते: माँट्रियल कॅनेडियन्स

१ नोव्हेंबर १९५९ च्या रात्रीपर्यंत आइस हॉकीतले जवळजवळ सगळे गोलकीपर तोंडावर काहीही न बांधता गोलपुढे उभे राहायचे. या खेळात चेंडू नसतो, पक असते. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, टणक रबराची चकती. वजनाला क्रिकेटच्या चेंडूएवढीच. खेळण्याआधी ती गोठवून ठेवतात, बर्फावर उसळू नये म्हणून. अशी चकती धारदार स्केट्स घातलेला माणूस सगळा जीव एकवटून काठीने मारतो, आणि समोरचा गोली ती उघड्या तोंडाने अडवतो. हे पन्नासेक वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये सामना सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झाली होती. न्यूयॉर्कच्या अँडी बॅथगेटचा फटका कॅनडातल्या माँट्रियल संघाचा गोली जाक प्लांतच्या तोंडावर बसला. रक्ताळलेल्या चेहऱ्याने तो आत गेला, टाके घातले गेले. त्या काळी संघाबरोबर दुसरा गोली आणायची पद्धतच नव्हती, त्यामुळे सामना थांबवून सगळे प्लांतची वाट बघत बसले. प्लांतने प्रशिक्षक टो ब्लेकला सांगितलं, सरावात घालतो तो फायबरग्लासचा मुखवटा घालू देणार असाल तरच बाहेर येतो. ब्लेकला मुखवटा अजिबात पसंत नव्हता. त्याने नजर अडते, आणि मुखवटा घालणारा गोली भित्रा, असा तेव्हाचा सर्वमान्य समज. पण दुसरा गोलीच नाही म्हटल्यावर ब्लेक करणार काय! प्लांत मुखवटा घालून उतरला आणि माँट्रियलने सामना ३-१ ने जिंकला.

ब्लेकने तरी हट्ट सोडला नाही. पुढच्या मार्चमध्ये त्याने प्लांतला एका सामन्यात मुखवट्याशिवाय उतरायला लावलं. माँट्रियल हरलं, मुखवटा परत चढला, आणि त्या मोसमाच्या बाद फेरीत संघाने आठपैकी आठ सामने जिंकून करंडक उचलला. विषय मिटला. (हा प्लांत फावल्या वेळात स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणायचा. तो काळ आणि तो खेळ बघता हे मुखवट्याहून जास्त धाडसाचं म्हणायला हवं.)

मी या संघापासून सुरुवात करतो याचं कारण एवढंच की आइस हॉकीचा कुठलाही धागा ओढला की दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा माँट्रियल कॅनेडियन्स सापडतात. नियम बदलले ते त्यांच्यामुळे, गोलीचा वेश बदलला तो त्यांच्यामुळे, आणि खेळावरून शहर पेटलं तेही त्यांचंच.

आधी खेळाची तोंडओळख, अगदी कामापुरती. बर्फाच्या मैदानावर प्रत्येक संघाचे सहा जण, त्यात एक गोली. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळाडू सतत बदलत राहतात. चाळीस-पन्नास सेकंद जीव तोडून पळायचं आणि कठड्यावरून उडी मारून बाकावर परतायचं, खेळ न थांबता. एखाद्याने आगळीक केली, म्हणजे काठीने अडवलं, पाय घातला, तर त्याला दोन मिनिटं बाजूच्या पेनल्टी बॉक्समध्ये बसावं लागतं आणि त्याचा संघ तेवढा वेळ एक माणूस कमी घेऊन खेळतो. समोरच्या संघाच्या या सुगीला पॉवर प्ले म्हणतात. क्रिकेटमधला पॉवर प्ले डोक्यातून काढून टाका, त्याचा इथे काही संबंध नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चालतं तो करंडक म्हणजे स्टॅनली कप.

माँट्रियलने तो २४ वेळा जिंकलाय. दुसऱ्या कुणालाही तिथपर्यंत पोचता आलेलं नाही.

एका भाषेसाठी काढलेला संघ

कॅनेडियन्सची स्थापना ४ डिसेंबर १९०९ ची. म्हणजे एनएचएल या आजच्या मुख्य लीगहून हा संघ आठ वर्षांनी मोठा. माँट्रियलमध्ये तेव्हा हॉकी होती, पण ती इंग्रजी बोलणाऱ्यांची. माँट्रियलच्या क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण कारखान्यात, बँकेत, रेल्वेत साहेब इंग्रजी आणि हाताखालचे फ्रेंच, असा सगळा मामला. अँब्रोज ओब्रायन नावाच्या, स्वतः इंग्रजी बोलणाऱ्या श्रीमंत घरातल्या तरुणाने हिशेब मांडला: फ्रेंच खेळाडूंचा संघ काढला तर फ्रेंच प्रेक्षक तिकीट काढून येतील. हिशेब शंभर टक्के धंद्याचा होता. त्याचं पुढे काय होणार आहे याची त्याला कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

संघाच्या बोधचिन्हात एका मोठ्या सी अक्षराच्या पोटात एच आहे. हा एच म्हणजे हॉकी, कारण क्लबचं फ्रेंच नाव ‘क्लुब द हॉकी कानादियँ’. पण लोक मात्र सांगतात की एच म्हणजे ‘हाबिताँ’, क्वेबेकचे जुने शेतकरी, मातीतली माणसं. हे खरं नाही. तरीही संघाचं टोपणनाव त्यावरूनच पडलं, हॅब्स, आणि आजही बातम्यांच्या मथळ्यांत तेच असतं.

पहिला स्टॅनली कप १९१६ चा. तेव्हाचा गोली जॉर्ज व्हेझिना. १९१० साली तो संघात आला आणि पुढची पंधरा वर्षं त्याने एकही सामना चुकवला नाही. २८ नोव्हेंबर १९२५ ला तो अंगात ताप घेऊन उतरला, पहिल्या भागानंतर त्याला आत न्यावं लागलं. क्षय होता. चार महिन्यांत तो गेला. आज एनएचएलच्या सर्वोत्तम गोलीला जी व्हेझिना ट्रॉफी देतात ती त्याच्या नावाची.

मधे १९१९ ची एक चुटपुट लावणारी गोष्ट आहे. सिॲटलला अंतिम मालिका चालू असताना स्पॅनिश फ्लूने संघाला गाठलं. खेळायला माणसंच उरली नाहीत, मालिका अर्धवट सोडावी लागली. बचावपटू जो हॉल तिथेच इस्पितळात वारला. त्या वर्षी कप कुणालाच दिला नाही.

मग आला हाउई मोरेन्झ. खेळ अमेरिकेत पसरत असताना लोक तिकीट काढायचे ते त्याला बघायला, इतका तो वेगवान. २८ जानेवारी १९३७ ला फोरम या संघाच्या घरच्या मैदानावर त्याचा स्केट कठड्याच्या फळीत अडकला, पाय मोडला. इस्पितळात असतानाच ८ मार्चला त्याचा मृत्यू झाला. वय ३४. अंत्यविधी फोरममध्येच, मधोमध बर्फावर शवपेटी ठेवून झाला. तारीख होती ११ मार्च. ही तारीख लक्षात ठेवा.

रॉकेट

आता मुख्य माणसाकडे येऊ. मोरिस रिशार, जर्सी क्रमांक ९, टोपणनाव रॉकेट. माँट्रियलच्या कामगारवस्तीतला, बापही मजूर, इंग्रजी यथातथाच. १९४४-४५ च्या मोसमात त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले. एका मोसमात पन्नास गोल तोवर कुणीच केले नव्हते. त्याच मोसमात २८ डिसेंबरला दिवसभर नव्या घरात सामान वाहून नेल्यावर तो सामन्याला आला. दमलोय, आज फार अपेक्षा ठेवू नका, असं सांगून उतरला आणि ५ गोल करून, आणखी तीन गोलांना हातभार लावून घरी गेला.

पण रिशार नुसत्या गोलांमुळे मोठा नाही. रोज साहेबाचं ऐकून घेणाऱ्या माणसाला संध्याकाळी रेडिओवर आपल्यातला एकजण साहेबाच्या पोरांना लोळवताना ऐकू येत होता. हे एवढं ध्यानात घेतलं तरच १९५५ कळतं.

१३ मार्च १९५५ ला बॉस्टनमध्ये हॅल लेकोची काठी रिशारच्या डोक्याला लागून रक्त आलं. रिशार पिसाळला. त्याने लेकोला काठीने मारलं आणि आवरायला आलेल्या पंचालाही ठोसे दिले. चूक त्याची होतीच, त्यात दुमत नाही. लीगचा अध्यक्ष क्लॅरन्स कँबेल याने शिक्षा सुनावली: मोसमातले उरलेले तीन सामने आणि पुढची सगळी बाद फेरी, रिशार बाहेर. बाद फेरीतून काढणं म्हणजे कप हातातून काढून घेणंच. त्यातून कँबेल इंग्रजी बोलणारा, आणि त्याचं ऑफिसही माँट्रियलमध्येच. शहराने जे समजायचं ते समजून घेतलं.

१७ मार्चला फोरममध्ये डेट्रॉइटशी सामना होता. येऊ नका, असं लोकांनी बजावूनही कँबेल आला, आणि सामना सुरू झाल्यावर, म्हणजे सगळ्यांना दिसेल असा आला. अंडी, टोमॅटो, पावसाळी बूट, हाताला लागेल ते त्याच्यावर पडू लागलं. पहिला भाग संपला तेव्हा डेट्रॉइट ४-१ ने पुढे होतं. तेवढ्यात प्रेक्षकांत अश्रुधुराचं नळकांडं फुटलं. सामना डेट्रॉइटला बहाल करून फोरम रिकामं केलं, आणि ती सगळी गर्दी सेंट कॅथरीन रस्त्यावर उतरली. रात्री उशिरापर्यंत काचा फुटल्या, दुकानं लुटली गेली. दुसऱ्या दिवशी रिशारने स्वतः रेडिओवरून विनंती केली: शिक्षा मी सोसतो, पुढच्या वर्षी परत येऊन कप जिंकतो, तुम्ही शांत व्हा. लोक शांत झाले.

क्वेबेकमध्ये १९६० नंतर फ्रेंच समाजाने शिक्षण, उद्योग, सरकार हळूहळू आपल्या हातात घेतलं. त्याला ‘शांत क्रांती’ म्हणतात. पुष्कळ अभ्यासक तिची पहिली ठिणगी म्हणून या दंगलीकडे बोट दाखवतात. मला हे जरा ताणलेलं वाटतं. एका रात्रीच्या दगडफेकीतून शाळा आणि वीज कंपन्या हातात येत नाहीत. पण साचलेला राग पहिल्यांदा उघड दिसला तो त्या रात्री, एवढं मान्य करायला हरकत नाही.

या प्रकरणाची एक लहानशी शेपटी आहे. रिशार त्या मोसमात गुणांच्या यादीत पहिला होता. (हॉकीत गोल आणि गोलाला हातभार, दोन्हींचा एकेक गुण मिळतो.) त्याला बसवल्यावर त्याचाच सहकारी बर्नार ‘बूम बूम’ जेफ्रिऑन एका गुणाने पुढे गेला, ७५ विरुद्ध ७४. माँट्रियलच्या प्रेक्षकांनी आपल्याच खेळाडूला, तेही फ्रेंच, हुर्यो करून हैराण केलं. जेफ्रिऑन बिचारा काय करणार, मुद्दाम चुकवायचे का गोल? रिशारला तो मान पुढे कधीच मिळाला नाही. जेफ्रिऑनलाही लक्षात ठेवा, तो शेवटी परत येणार आहे.

नियमच बदलावा लागला

रिशारने शब्द पाळला, आणि भरघोस पाळला. १९५६ ते १९६० असे सलग पाच कप. असं आजवर दुसऱ्या कुठल्या संघाला जमलेलं नाही. गोलपुढे प्लांत, बचावात डग हार्वी, पुढे रिशार, त्याचा धाकटा भाऊ आँरी, जेफ्रिऑन, आणि मधोमध जाँ बेलिव्हो.

बेलिव्होला आणायची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तो क्वेबेक शहरात हौशी लीगमध्ये सुखाने खेळत होता, पैसेही चांगले मिळत होते आणि तो माँट्रियलला यायला तयार नव्हता. व्यावसायिक खेळलाच तर कॅनेडियन्सकडूनच खेळेन, एवढं मात्र करारात होतं. तेव्हा कॅनेडियन्सने १९५३ मध्ये ती अख्खी लीगच विकत घेतली आणि व्यावसायिक करून टाकली. झाला बेलिव्हो व्यावसायिक! कोंबडीसाठी खुराडंच विकत घेण्याचा प्रकार.

वर सांगितलेला पॉवर प्ले आठवतोय ना? तेव्हाचा नियम असा होता की आगळीक करणाऱ्याने पूर्ण दोन मिनिटं बसायचंच, मग त्या वेळात कितीही गोल होवोत. हे पाच-सहा जण समोर आले की दोन मिनिटांत सामना संपायचा. नोव्हेंबर १९५५ मध्ये बॉस्टनविरुद्ध बेलिव्होने पॉवर प्लेवर ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या मोसमाआधी लीगने नियम बदलला: एक गोल झाला की बसलेला खेळाडू बाहेर येणार. आजही किरकोळ शिक्षेला हाच नियम आहे. एका संघाला वेसण घालायला केलेला नियम सत्तर वर्षं सगळ्यांना लागू आहे.

बेलिव्होने खेळाडू म्हणून दहा कप जिंकले. आँरी रिशारने अकरा, आणि तो विक्रम अजून उभा आहे. बेलिव्होचा मोठेपणा लोक वेगळ्या गोष्टीवरून सांगतात. १९९४ मध्ये पंतप्रधानांनी त्याला कॅनडाचं गव्हर्नर जनरलपद देऊ केलं. मुलगी विधवा झालेली, दोन नाती लहान, त्यांना माझी गरज आहे, म्हणून त्याने ते नाकारलं.

पोलॉकची चाल

एनएचएलमध्ये नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून निवडतात. त्या काळी गेल्या मोसमातल्या सर्वांत कमकुवत संघाला पहिली निवड मिळायची, म्हणजे दुबळा संघ सावरावा. आपली पाळी दुसऱ्याला देता येते, त्या बदल्यात खेळाडू घेता येतात. सॅम पोलॉक हा १९६४ ते १९७८ कॅनेडियन्सचा व्यवस्थापक. १९७१ च्या ड्राफ्टमध्ये गी लाफ्लर नावाचा हिरा येणार हे त्याला वर्षभर आधी दिसत होतं. त्याने कॅलिफोर्निया गोल्डन सील्स या दुबळ्या संघाकडून त्यांची १९७१ ची पहिल्या फेरीची पाळी आधीच घेऊन ठेवली. आता तो संघ तळाला राहिला की काम फत्ते.

पण मोसमाच्या मध्यावर लॉस एंजेलिसचा संघ त्याहून वाईट खेळायला लागला. पोलॉकने काय करावं? कॅनेडियन्समधला राल्फ बॅकस्ट्रॉम, ज्याला तसाही संघ बदलायचा होता, तो लॉस एंजेलिसला दिला. त्याने लॉस एंजेलिस सावरलं, कॅलिफोर्निया तळाला गेलं आणि लाफ्लर माँट्रियलला आला. आपल्या पोळीवर तूप ओढण्यासाठी आधी शेजाऱ्याचं ताट वाढायचं, हे ज्याला सुचलं त्याच्या डोक्याला सलाम.

लाफ्लरने सलग सहा मोसम पन्नास किंवा जास्त गोल केले. उडणारे केस, डोक्यावर हेल्मेट नाही. गोलपुढे केन ड्रायडन: १९७१ मध्ये कायद्याचा विद्यार्थी असताना फक्त सहा सामन्यांच्या अनुभवावर बाद फेरीत उतरला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नवोदिताचा पुरस्कार त्याला मिळाला तो त्याच्या पुढच्या वर्षी! मग पगारावरून पटेना म्हणून एक अख्खा मोसम हॉकी सोडून वकिलीची उमेदवारी करत बसला, आणि परत आला. पक दुसऱ्या टोकाला असली की काठी उभी टेकवून त्यावर हात आणि हनुवटी ठेवून उभा राहायचा, बसची वाट बघत असल्यासारखा. पुढे तो कॅनडाचा केंद्रीय मंत्री झाला.

१९७६ ते ७९ सलग चार कप. त्यातला १९७६-७७ चा मोसम बघा: ८० सामने, ६० जिंकले, १२ बरोबरीत, फक्त ८ हरले. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, म्हणजे १३२ गुण. हा आकडा ४६ वर्षं टिकला. २०२३ मध्ये बॉस्टनने १३५ केले, पण ते ८२ सामन्यांत.

शेवटचा कप आणि त्यानंतर

पॅट्रिक रॉय असं लिहितात, पण फ्रेंच उच्चार ‘र्वा’, आपल्या रव्याच्या जवळचा. विसाव्या वर्षी, १९८६ मध्ये, या गोलीने संघाला कप जिंकून दिला, आणि १९९३ मध्ये पुन्हा. बाद फेरीत सामना बरोबरीत राहिला तर जादा वेळ खेळतात आणि पहिला गोल होताच सामना खतम. १९९३ मध्ये माँट्रियलने असे लागोपाठ दहा सामने जिंकले.

अंतिम मालिकेत समोर त्या काळचा सर्वांत नावाजलेला खेळाडू वेन ग्रेट्स्की याचं लॉस एंजेलिस होतं. त्यांनी पहिला सामना जिंकलेला, दुसऱ्यात दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला आणि तेच २-१ ने पुढे. तेव्हा माँट्रियलचा प्रशिक्षक जाक देमेर्सने पंचांना मार्टी मॅक्सॉर्लीच्या काठीची वक्रता मोजायला सांगितलं. काठी नियमापेक्षा जास्त वाकडी निघाली, मॅक्सॉर्ली दोन मिनिटं आत. देमेर्सने वर आपला गोलीही काढून एक जादा माणूस उतरवला. एरिक देजार्दँने बरोबरी केली आणि जादा वेळ सुरू होताच विजयी गोलही त्यानेच मारला. मालिका फिरली. ९ जून १९९३ ला कप माँट्रियलचा.

तो चोविसावा. पंचविसावा अजून आलेला नाही. उलट, २०२५ पर्यंत तरी त्यानंतर कॅनडातल्या कुठल्याच संघाला कप मिळालेला नव्हता. २ डिसेंबर १९९५ ला घरच्या मैदानावर डेट्रॉइटने ११-१ ने धुतलं. नऊ गोल होईपर्यंत प्रशिक्षकाने र्वाला बाहेर काढलं नाही. बाहेर आल्यावर तो प्रशिक्षकासमोरून चालत क्लबच्या अध्यक्षापाशी गेला आणि म्हणाला, माँट्रियलमधला हा माझा शेवटचा सामना. चार दिवसांत त्याला कोलोराडोला धाडलं, आणि त्याच मोसमात कोलोराडोने कप जिंकला. माँट्रियलकर ही जखम अजून चघळतात. २०२१ मध्ये गोली केरी प्राइसने संघाला अंतिम मालिकेपर्यंत ओढून नेलं, तिथे टँपा बेने ४-१ ने हरवलं.

भाषेचा मुद्दा मात्र जुना झालेला नाही. डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच न येणारा माणूस हंगामी प्रशिक्षक नेमला, तर चाहते निषेधाला रस्त्यावर आले. कायमचा प्रशिक्षक फ्रेंच बोलणाराच असेल, असं मालकाला जाहीर करावं लागलं.

फोरममधला शेवटचा सामना झाला ११ मार्च १९९६ ला. सामन्यानंतर जुने कर्णधार एकेक करून बर्फावर आले. ७४ वर्षांच्या रिशारचं नाव पुकारल्यावर टाळ्या सुरू झाल्या त्या सात मिनिटांहून जास्त थांबेनात. तो हात हलवून बास म्हणत होता, डोळे पुसत होता. मग जळती मशाल एका कर्णधाराकडून दुसऱ्याकडे, अशी शेवटच्या कर्णधारापर्यंत गेली.

बरोबर दहा वर्षांनी, ११ मार्च २००६ ला, जेफ्रिऑनचा ५ क्रमांक निवृत्त करायचं ठरलं होतं. क्रमांक निवृत्त करणं म्हणजे ती जर्सी यापुढे कुणालाही न देणं, आपल्याकडे सचिनचा १० आता कुणी घालत नाही तसं. त्या जर्सीचा मोठा पडदा छताला कायमचा टांगतात. जेफ्रिऑनची बायको मार्लीन ही मोरेन्झची मुलगी, आणि तारीख सासऱ्याच्या अंत्यविधीची. कर्करोगाने आजारी असलेला जेफ्रिऑन त्याच दिवशी सकाळी गेला. समारंभ रद्द केला नाही. संध्याकाळी छताला टांगलेला मोरेन्झचा ७ क्रमांक अर्ध्यावर खाली आणला, त्याच्या शेजारी ५ आणला, आणि सासरा-जावई एकत्र वर गेले.